विश्लेषण : जुन्या निगेटिव्हपासून ‘फाइन आर्ट प्रिंट’ कशी तयार होते? धाराशिवमधील बंद स्टुडिओंच्या पेट्या का महत्त्वाच्या?

मुंबईच्या समुद्रात ऑक्टोबर १९५३ मध्ये भारतीय नौदलाच्या युद्धनौका ओळीने नांगर टाकून उभ्या राहिल्या आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांची पाहणी केली. स्वतंत्र भारताच्या राष्ट्रपतींसमोर झालेले हे पहिले ‘फ्लीट रिव्ह्यू’, म्हणजे ताफ्याचे संचलन. अशा संचलनांचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कृष्णधवल फोटो आज जाड सुती कागदावर मोठ्या आकारात छापले जातात आणि ‘फाइन आर्ट प्रिंट’ या नावाने जगभर विकले जातात. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मात्र जुन्या निगेटिव्ह इथल्या स्टुडिओंत आणि घरांतही असतात. बोटीचा फोटो ज्या तंत्राने भिंतीवर येतो, त्याच तंत्राने १९९३ च्या भूकंपापूर्वीचे एखादे गाव पुन्हा कागदावर येऊ शकते. त्यासाठी निगेटिव्ह मात्र शिल्लक हवी.

जहाजांच्या संचलनाचे फोटो इतके का टिकले?

फ्लीट रिव्ह्यूमध्ये युद्धनौका सरळ रांगांत उभ्या असतात. राष्ट्रप्रमुखांची नौका या रांगांमधून पुढे सरकते. प्रत्येक जहाजाच्या कठड्याला पांढऱ्या गणवेशातील नौसैनिक हारीने उभे राहतात आणि भारतीय नौदलात टोपी उंचावून ‘राष्ट्रपतीजी की जय’ असा घोष होतो. मुंबईच्या समुद्राने असे सोहळे अनेकदा पाहिले. २००१ चे आंतरराष्ट्रीय संचलन आणि डिसेंबर २०११ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलेली पाहणी अनेक वाचकांना आठवत असेल.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र हा अवघड प्रकार. जहाज प्रचंड, अंतर मोठे, पाणी चमकते आणि स्वतःची होडी हलते. इंग्लंडच्या काउझ बंदरातील फ्रँक बीकेन यांनी यावर शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे. त्यांनी स्वतः कॅमेरा बनवला. तो दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागे, त्यामुळे शटर दाबायला हातच मोकळा राहत नसे. मग शटरला जोडलेला रबरी चेंडू त्यांनी दातांत धरला. चावला की फोटो निघे! १८८८ मध्ये सुरू झालेल्या या कुटुंबाच्या व्यवसायाने काचेवरच्या निगेटिव्ह जपल्या आणि त्यांच्या प्रिंट पुढच्या पिढ्यांनीही विकल्या.

राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त जून १८९७ मध्ये इंग्लंडच्या स्पिटहेड येथे मोठे संचलन झाले. त्यात चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ ही छोटी नौका युद्धनौकांच्या रांगांमधून बेफाम वेगाने धावली. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या या नौकेचा वेग ताशी ६० किलोमीटरहून अधिक होता आणि नौदलाच्या गस्तीच्या बोटींना ती सापडली नाही. पाणी कापत जाणाऱ्या टर्बिनियाचा आल्फ्रेड वेस्ट यांनी काढलेला फोटो आजही पाठ्यपुस्तकांत छापला जातो. अमेरिकेतील मॉरिस रोझेनफेल्ड आणि त्यांच्या मुलांनी टिपलेल्या बोटींचा संग्रह १९८४ मध्ये मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयाकडे गेला. त्यात सुमारे दहा लाख प्रतिमा आहेत.

असे संग्रह टिकतात, तेव्हा त्यामागे फोटोंच्या गुणवत्तेइतकीच जपणूक असते. निगेटिव्ह क्रमाने ठेवलेली असते, तिच्यावर क्रमांक असतो आणि तो क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळतो. वही हरवली, तर जहाज राहते पण त्याचे नाव जाते.

निगेटिव्ह हीच ‘मूळ’ का मानतात?

प्रिंट अल्बममध्ये लागते, भिंतीवर टांगली जाते, उन्हाने फिकी पडते, पाहुण्यांच्या बोटांनी मळते. निगेटिव्ह मात्र अंधाऱ्या पाकिटात पडून असते. कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड तिच्यावरच पडलेला असतो. प्रिंट ही त्या उजेडाची दुसरी आवृत्ती, आणि तीही बहुतेक वेळा स्वस्तातली. तीन इंचांच्या जुन्या प्रिंटमध्ये जो चेहरा पांढरा ठिपका दिसतो, त्याच्या नाकातली नथही निगेटिव्हमध्ये स्पष्ट असू शकते.

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र असते ते चांदीचे. जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे कण असतात. उजेड पडलेल्या जागी डेव्हलपरमध्ये त्यांची काळी चांदी होते. उरलेले क्षार ‘हायपो’ धुऊन काढतो. त्यामुळे पांढरा सदरा निगेटिव्हवर काळा दिसतो आणि काळे केस पारदर्शक.

या थराला आधार काय दिला, त्यावर निगेटिव्हचे आयुष्य ठरते. १८५१ पासून ओल्या कोलोडियनच्या काचा वापरात आल्या, १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा. पुढे नायट्रेटची लवचिक फिल्म आली. ती भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की हवा बंद केली तरी जळत राहते. म्हणून नंतर आलेल्या अॅसिटेट फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असे इंग्रजीत छापलेले असे. आपल्याकडच्या स्टुडिओंत १९५० नंतरचा बराच माल अॅसिटेटचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनीची ‘इंदू’ फिल्म आणि पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ ही नावे जुन्या छायाचित्रकारांना आजही पाठ असतील. घरोघरी असलेल्या ‘क्लिक थ्री’ कॅमेऱ्यातही १२० नंबरचा रोल लागे.

अॅसिटेटचा शत्रू उष्णता. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील इमेज परमनन्स इन्स्टिट्यूटच्या अभ्यासानुसार सुमारे २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या अॅसिटेट फिल्मचे विघटन जाणवू लागायला साधारण ४० वर्षे लागतात. तापमान वाढले की हा काळ झपाट्याने कमी होतो. धाराशिवच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारायलाच नको. विघटन सुरू झाले की डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते आणि वरचा थर सुरकुततो. हा वास थांबवता येत नाही. थंड जागी ठेवून त्याला फक्त हळू करता येते.

धाराशिवचा यात संबंध काय?

हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मधल्या १८५३ ते १८६० या काळात तो इंग्रजांकडे होता, तेवढाच अपवाद. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी राजा दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. १८४४ मध्ये जन्मलेल्या दीनदयाळ यांचे शिक्षण रुरकीला झाले, नोकरी इंदूरला. पुढे निजामाने त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ असा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि मुंबईत त्यांचे स्टुडिओ होते. १९०५ मध्ये ते गेले. त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. दरबार, लष्करी कवायती, किल्ले आणि लेणी यांचे जे दीनदयाळ आज प्रदर्शनांत दिसतात, त्यामागे शंभर वर्षे न फुटता राहिलेल्या अशा काचा आहेत.

राजांचे फोटो टिकले, कारण ते राजांचे होते. तालुक्याच्या गावातील स्टुडिओला असे भाग्य क्वचित लाभते. डिजिटल कॅमेरा आला, डार्करूम बंद पडली, मुलांनी त्याच गाळ्यात मोबाइल किंवा झेरॉक्सचे दुकान टाकले आणि निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर गेल्या. पुढचा टप्पा बहुधा भंगाराचा. एक्स-रे आणि जुन्या फिल्म त्यातील चांदीसाठी विकत घेणारे व्यापारी असतात. निगेटिव्हमधली चांदी काढली की चित्र संपते, कारण चांदी हेच चित्र. काचेच्या निगेटिव्हचे तर याहून वाईट. थर खरवडून स्वच्छ काच दुसऱ्या कामाला वापरण्याचे प्रकार जगभर झाले आहेत.

धाराशिवसाठी हा केवळ आठवणींचा प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूरमधील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक फटका बसला. जवळपास आठ हजार माणसे गेली. सास्तूरसह अनेक गावे जमीनदोस्त झाली आणि दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. नवी गावे आखीव रस्त्यांची, रांगेतल्या घरांची. जुन्या गावातील गढी, वेशी, पार, जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद हे सगळे त्या पहाटे ढिगाऱ्यात गेले. घरातील अल्बमही त्याच ढिगाऱ्यात गेले.

अल्बम घरात होता, पण त्याची निगेटिव्ह गावात नव्हती. ती फोटो काढणाऱ्याच्या दुकानात होती आणि लग्नाला, शाळेच्या ग्रुप फोटोला, बारशाला बोलावलेला फोटोग्राफर बहुधा तालुक्याच्या ठिकाणाहून येई. म्हणजे उमरगा, मुरूम, नळदुर्ग किंवा उस्मानाबादच्या एखाद्या दुकानात १९९३ पूर्वीच्या निगेटिव्ह आजही असतील, तर ज्या कुटुंबाकडे आजोबांचा एकही फोटो उरला नाही, त्यांचे आजोबा तिथे असू शकतात. नवरा-नवरीच्या मागे दिसणारी भिंत आणि माळवद यांनाही वेगळे मोल आहे. त्या रात्री माणसे गेली ती मुख्यत: मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड छपरांखाली. हे बांधकाम नेमके कसे होते, हे सांगणारा फोटो अभियंत्यांच्याही उपयोगाचा.

याशिवाय तुळजापूरची यात्रा, नळदुर्गच्या पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, परंड्याचा किल्ला, गावोगावचे आठवडी बाजार आणि सत्कार समारंभ. जुन्या फोटोग्राफरने हे सगळे कधी ना कधी टिपलेले असते, आणि तेही बहुधा रोल संपवायचा म्हणून!

बोटीचा फोटो ते भिंतीवरची प्रिंट : प्रक्रिया काय?

सुरुवात सफाईपासून. हवेचा फुगा आणि मऊ ब्रश एवढेच हत्यार. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी किंचित मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो, तिला हात लागू द्यायचा नाही. पाणी, थुंकी, शर्टाची बाही किंवा चष्म्याचे लिक्विड वर्ज्य. पाण्याने जिलेटिन फुगते आणि थर सुटून येतो.

मग डिजिटायझेशन. फिल्मसाठी खास स्कॅनर असतो. नाहीतर पांढऱ्या समप्रकाशाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने तिचा फोटो काढतात. अनेक संग्रहालये आता दुसरी पद्धत वापरतात, कारण ती वेगवान आहे. येथे आकडेमोड समजून घेण्यासारखी आहे. चांगल्या प्रिंटला एका इंचात सुमारे ३०० पिक्सेल लागतात. १२० नंबरच्या रोलवरील चौकोनी निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची. ती २,४०० डीपीआयवर स्कॅन केली, तर एका बाजूला सुमारे ५,२९० पिक्सेल मिळतात, म्हणजे साडेसतरा इंचांची प्रिंट. ३५ मिलिमीटरच्या छोट्या निगेटिव्हला तेवढ्याच आकारासाठी ४,००० डीपीआय लागते. ८ बाय १० इंचांची काच असेल, तर अवघ्या १,२०० डीपीआयवर ४० इंचांची प्रिंट निघते. जुन्या जहाजांचे फोटो भिंतभर आकारातही फाटत नाहीत, त्याचे हे साधे कारण. काच मुळातच मोठी होती.

फाइल १६ बिट टिफ स्वरूपात ठेवतात. जेपीजीमध्ये जागा वाचते, पण सावलीतले बारकावे जातात. त्यानंतर संगणकावर चित्र उलटे करून काळ्याचे पांढरे केले जाते. धूळ आणि ओरखडे हाताने भरले जातात. उजेड-सावलीचा तोल साधला जातो. हे काम खरे तर डार्करूममधलेच. तिथे एन्लार्जरखाली हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवत, दुसऱ्याला जास्त उजेड देऊन गडद करत. जुना फोटोग्राफर तर निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिलने रिटचिंग करी, नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण बेमालूम नाहीसे होत. स्कॅनमध्ये ही पेन्सिलही दिसते. ती पुसू नये, तीही त्या फोटोचा भाग आहे.

एआयने ‘सुधारलेला’ फोटो चालेल का?

मोबाइलवरील अॅप धूसर चेहरा क्षणात रेखीव करून देतात. नेमके इथेच सावध राहायला हवे. निगेटिव्हमध्ये जी माहिती नाही, ती एआय परत आणू शकत नाही. लाखो इतर चेहऱ्यांवरून ते अंदाज करते आणि तो अंदाज रंगवते. पापण्या, दातांची ठेवण, कपाळावरचे कुंकू हे सगळे मशीनने ‘असे असावे’ म्हणून घातलेले असते. युद्धनौकेच्या फोटोत असे केले तर डेकवर नसलेल्या तोफा उगवतात आणि एखादा जाणकार ते ताबडतोब ओळखतो. आजीच्या चेहऱ्याबाबत मात्र ओळखणारे कोणी उरलेलेच नसते. दहा वर्षांनी घरातील मुले मशीनने कल्पिलेल्या बाईलाच आजी समजतील.

म्हणून जाणकार प्रिंटर मूळ स्कॅनची फाइल हात न लावता वेगळी ठेवतात आणि सगळे बदल दुसऱ्या प्रतीवर करतात. धूळ काढणे, ओरखडा भरणे इथपर्यंत ठीक. काचेला गेलेला तडा ठेवायचा की घालवायचा, यावर मतभेद आहेत. फुटक्या काचेचीही एक हकीकत असते, तेव्हा तडा निदान एका प्रतीवर दिसू द्यावा हे बरे. कृष्णधवल फोटोत रंग भरणे हा तर निव्वळ अंदाजाचा खेळ. लुगडे हिरवे होते की जांभळे, हे चांदीला माहीत नसते.

साध्या लॅब प्रिंटपेक्षा यात वेगळे काय?

फरक कागदात आणि शाईत. लॅबमधील नेहमीच्या प्रिंटचा कागद प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. फाइन आर्ट प्रिंटसाठी शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित कागद वापरतात. जर्मनीतील हानेम्यूले ही अशा कागदाची १५८४ पासूनची गिरणी. शाई रंगद्रव्याची, म्हणजे विरघळलेल्या रंगाऐवजी घन कणांची असते. त्यामुळे ती उन्हात लवकर उडत नाही. कृष्णधवलसाठी प्रिंटरमध्ये काळ्यासोबत राखाडी छटांच्या दोन-तीन शाया असतात, नाहीतर राखाडीवर हिरवट किंवा जांभळी झाक येते. याच इंकजेट पद्धतीला १९९१ मध्ये जॅक डगन या अमेरिकी प्रिंटरने ‘जिक्ले’ हे फ्रेंच वळणाचे नाव दिले. नाव भारदस्त, यंत्र इंकजेटच. दुकानदार ‘जिक्ले’ म्हणाला तर कागद कोणता आणि शाई कोणती, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

निगेटिव्हपासून डार्करूममध्ये रसायनांतून काढलेली सिल्व्हर जिलेटिन प्रिंट हा दुसरा आणि जुना मार्ग. ती आजही काढतात, पण कागद, रसायने आणि हात तिन्ही दुर्मीळ झाले आहेत.

बाजारात आणखी दोन शब्द भेटतात. छायाचित्रकाराने फोटो काढल्याच्या आसपासच्या काळात स्वतः काढलेली किंवा काढवून घेतलेली ती ‘व्हिंटेज प्रिंट’. त्याच निगेटिव्हची आज काढलेली ती ‘मॉडर्न प्रिंट’. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तसेच प्रिंटच्या तळाशी पेन्सिलने ३/२५ असे लिहिलेले असेल, तर पंचवीसपैकी तिसरी असा अर्थ. पंचवीस झाल्यावर त्या आकारात आणखी काढायच्या नाहीत, हा शब्द विकणाऱ्याने पाळायचा असतो.

फोटोवर हक्क कोणाचा? स्टुडिओचा की ग्राहकाचा?

हा वाद अनेकदा होतो. कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम १७ सांगते की, पैसे देऊन एखाद्याने फोटो काढवून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला कॉपीराइट काढवून घेणाऱ्याचा. निगेटिव्ह स्टुडिओच्या पेटीत असली, तरी लग्नाच्या फोटोचा हक्क लग्नघराचा. स्टुडिओने स्वतःच्या हौसेने काढलेला यात्रेचा फोटो मात्र त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ज्या जुन्या फोटोंची मुदत त्याआधीच संपली, त्यांचे वेगळे. पण कायद्यात बसले तरी कुणाच्या मृत आईचा फोटो घरच्यांना न विचारता भिंतीवर विकायला लावणे शोभत नाही, हे वेगळे सांगायला नको.

घरात किंवा दुकानात निगेटिव्ह असतील तर काय करावे?

पत्र्याखालच्या माळ्यावरून त्या आधी खाली आणाव्यात. घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण त्याचा कागद आम्लयुक्त असतो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्याही नकोत. साधी आम्लरहित कागदी पाकिटे उत्तम. काचा आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या फुटतात. त्या लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, जशा दुकानात पाट्या ठेवतात. चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नयेत. आंबट वास येणारी फिल्म बाकीच्यांपासून लगेच वेगळी करावी, तिच्या वाफेने शेजारचीही बिघडते, आणि स्कॅनिंगमध्ये तिचा नंबर पहिला लावावा. त्यानंतर रंगीत निगेटिव्ह. त्यात चांदी नसते, रंग असतात आणि ते अंधारातही हळूहळू उडतात. १९८० आणि ९० च्या दशकांतील लग्ने बहुतांश याच फिल्मवर आहेत. चांगली कृष्णधवल निगेटिव्ह त्यामानाने थांबू शकते.

पेटीत काय आहे, एवढेच पाहायचे असेल तर स्मार्टफोन पुरतो. टॅब किंवा लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा पूर्ण उजेडात ठेवावा, निगेटिव्ह त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरावी म्हणजे पडद्याचे ठिपके येत नाहीत, आणि फोनने फोटो काढून एडिटिंग अॅपमध्ये रंग उलटे करावेत. अशा फोटोची मोठी प्रिंट होणार नाही, पण माणूस ओळखू येतो.

आणि खरी घाई त्या ओळखीचीच आहे. स्टुडिओची ऑर्डरची वही सापडली तर ती निगेटिव्हइतकीच जपावी. त्यातील ‘पाटील, सास्तूर, लग्न’ अशा एका ओळीवरून पूर्ण पाकीट उलगडते. ती नसेल तर माणसे शोधावी लागतात. १९९३ मध्ये तिशीत असलेली व्यक्ती आज साठीच्या पुढे आहे. जुन्या गावातला पार, त्यामागची गढी, गढीसमोर उभा शिक्षक हे सगळे ओळखणारे आणखी फार वर्षे भेटणार नाहीत.

सांभाळणे शक्य नसेल, तर पेटी भंगारात घालण्याआधी जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग, विद्यापीठाचा धाराशिव येथील उपपरिसर किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालय यांच्याकडे चौकशी करता येईल. जिल्ह्याला याचे उदाहरण परके नाही. तेर हे प्राचीन ‘टगर’. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. समुद्र नसलेल्या या जिल्ह्याचा माल तिथून जहाजांवर चढत होता. शेतात, पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या त्या काळच्या वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा करून ठेवल्या. आज तेरच्या शासकीय पुराणवस्तू संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. मातीचे मणी आणि फुटकी भांडी लोक फेकत होते, तेव्हा ती त्यांनी उचलली. निगेटिव्हच्या पेट्या आज त्याच अवस्थेत आहेत.

ज्याच्याकडे अशी पेटी आहे, त्याने पहिल्या दिवशी स्कॅनर शोधण्याची गरज नाही. पाकिटे मोजावीत आणि प्रत्येकावर मऊ पेन्सिलने क्रमांक टाकावा. पेन नको, शाई आत झिरपते. मग एका वहीत त्या क्रमांकापुढे जे आठवेल ते लिहावे, गाव, साल, प्रसंग, कुणाचे घर. आठवत नसेल तिथे जागा कोरी सोडावी आणि ती वही घेऊन गावातल्या जुन्या माणसांकडे जावे.